दामूभाऊंचा माल होल्डवर

दामूभाऊ राऊत गेममध्ये आजवर हजारएक वेळा तरी मेले असतील, पण त्यांनी एकदाही कोणावर गोळी झाडलेली नाही.

त्यांचा खेळ असा. गेम सुरू करायचा, त्यातल्या सैनिकाला चालवत एका पुलाच्या टोकाशी न्यायचं, नदीकडे तोंड करून उभं करायचं, आणि कीबोर्डवरचा हात काढून वहीत आकडे लिहायला बसायचं. मागून शत्रू येतात, गोळ्या सुटतात, पडदा लाल होतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ओरडलो होतो, "अहो दामूभाऊ, मारतायत तुम्हाला!"

"मारू दे," ते मान वर न करता म्हणाले. "मरताना फ्रेम किती घसरतात तेच तर बगायचं हाय."

हा विषय ज्यांना माझ्याइतकाच परका आहे त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावर एका सेकंदात जितकी चित्रं उमटतात त्यांना ही मंडळी फ्रेम म्हणतात. फ्रेम जितक्या जास्त, तितका खेळ सरसर चालतो. ही चित्रं काढायचं काम कॉम्प्युटरच्या पोटातलं ग्राफिक्स कार्ड करतं. दर दोन वर्षांनी त्याची नवी पिढी निघते आणि जुन्या कार्डाच्या मालकाची झोप उडते. अशी झोप उडालेली माणसं पालघरपासून डहाणूपर्यंत जिथे कुठे असतील तिथून उमरोळीला येतात, आमच्या इमारतीचा जिना चढतात आणि दामूभाऊंच्या दारावर थाप मारतात. नवं कार्ड घेण्यासारखं आहे का, याचा निकाल तिथे लागतो.

निकाल बहुतेक वेळा एकच असतो. "जुन्याला काय धाड भरलीय?"

बोईसरचा एक कॉम्प्युटरवाला या निकालांनी इतका पोळलाय की हल्ली तो गिऱ्हाइकाला आधीच बजावतो, "वो उमरोलीवाले अंकल को पहले दिखाओ, बाद में मेरे पास रोने मत आना."

दामूभाऊ मूळचे माकुणसारचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. तिथला नियम असा, की माल बाहेर गेला तरी त्यातला थोडासा बाटलीत भरून, लेबल लावून कपाटात जपायचा. उद्या गिऱ्हाईक म्हणालं की रंग फिका आला, तर ती बाटली काढून ताडून पाहायचं. याला म्हणतात कंट्रोल सॅम्पल. दामूभाऊ निवृत्त झाले, त्यांचं कंट्रोल सॅम्पल झालं नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्या मोसमातले चार सुके बोंबील बरणीत असतात. बरणीवर तारीख आणि सही. नवे बोंबील आले की जुना आणि नवा एका बशीत शेजारी शेजारी ठेवून ते वास घेतात, वाकवून पाहतात आणि मग तीन शब्दांपैकी एक उच्चारतात: पास, रिजेक्ट किंवा होल्ड. होल्ड म्हणजे निर्णय होईपर्यंत मालाला कोणी हात लावायचा नाही. एकदा बोंबील होल्डवर गेल्यामुळे पाहुण्यांना भेंडी खावी लागली होती.

"लग्नाच्या वेळी बरं मला कोणाशी ताडून नाय बगितलं," शालिनीवहिनी एकदा म्हणाल्या.

"बघितलं असतं तर?" मी विचारलं.

"तर हे अजून होल्डवर असते, मास्तर. आणि मी सुटले असते."

मी पालघरच्या कॉलेजात शिकवतो म्हणून या दोघांचा मास्तर. राहायला त्यांच्या खालच्याच मजल्यावर. दामूभाऊंना मूलबाळ नाही. ती गोष्ट ते दोघं कधी काढत नाहीत आणि आम्हीही काढत नाही.

या माणसाला ग्राफिक्स कार्डाचा नाद लावला माझ्या मुलीने, तन्वीने. ती बारा वर्षांची असताना तिचा कॉम्प्युटर सारखा अडकायचा. मी तो दामूभाऊंकडे नेला, कारण त्यांच्याकडे स्क्रूड्रायव्हरचा संच होता आणि माझ्याकडे नव्हता. त्यांनी तो उघडला, आतलं कार्ड काढून चष्म्याजवळ धरलं आणि विचारलं, "याच्या आधीचं कुठे हाय?" आधीचं नव्हतंच. "मग हे चांगलं का वाईट ते कोणाच्या जिवावर ठरवायचं?" असं म्हणून ते दुसऱ्या दिवशी बोईसरला गेले आणि कुठूनतरी एक जुनं कार्ड घेऊन आले. तन्वी वर गेली ती अंधार पडल्यावरच खाली आली. त्यानंतर दहा वर्षं ती रोज सकाळी अर्धा तास वर जायची. जाताना हसत जायची आणि येताना भांडून यायची.

भांडण एकच. तन्वी नव्याच्या बाजूची, दामूभाऊ जुन्याच्या. ती म्हणायची, फ्रेम दीडपट वाढल्या. ते म्हणायचे, वीज किती खाल्ली ते सांग. ती म्हणायची, सावल्या बघा काय सुंदर पडल्यात. ते म्हणायचे, सावलीत बसायचं हाय का गेम खेळायचा हाय? हे स्वतः गेम न खेळणारा माणूस विचारायचा. खाली मला शब्द ऐकू यायचे नाहीत, पण कोण जिंकतंय ते पावलांच्या आवाजावरून कळायचं.

यंदा तन्वीला हैदराबादला नोकरी लागली. गेमसाठी दृश्यं तयार करणारी कंपनी. तिने नव्या पिढीचं कार्ड मागवलं. मे महिन्यातल्या एका मंगळवारी ते आलं आणि अर्थातच आधी वर गेलं. तिचा सगळा कॉम्प्युटरही वर गेला, कारण दामूभाऊ दुसऱ्याच्या टेबलावर तपासणी करत नाहीत. पुढच्या सोमवारी तिची गाडी होती. मधले दिवस भरपूर होते. म्हणजे असं मला वाटलं.

दामूभाऊंनी आधी कार्ड भाजीच्या काट्यावर ठेवलं. "हे कार्ड हाय का पाटा?" मग जुनं ठेवलं. जुनं निम्म्याने हलकं भरलं. जुन्याला एक गुण मिळाला.

दुसऱ्या दिवशी त्यांना नव्या कार्डाची खरी भानगड कळली. हे कार्ड काही फ्रेम स्वतः काढतं आणि मधल्या फ्रेम अंदाजाने भरून टाकतं. तन्वीने ते त्यांना समजावलं आणि घात केला. दामूभाऊ तडक खाली माझ्याकडे आले.

"मास्तर, चार फ्रेम दाखवतं. त्यातली खरी एक. बाकी तीन थापा!"

"पण डोळ्याला कळतं का?"

"नाय कळत. म्हणून तर थाप! आमच्या लॅबमध्ये एक रीडिंग घेऊन पुढची तीन मनाने लिहिली असती ना, तर गेटच्या बाहेर उभं केलं असतं."

मग त्यांनी थापा बंद करून तपासायचं ठरवलं. तशी सोय त्या कार्डात होती. तरी नवं कार्ड जुन्याच्या दीडपट निघालं. मी म्हटलं, चला, संपलं. पण बुधवारी संध्याकाळी निकाल आला: होल्ड. कारण, तापमान. नवं कार्ड जुन्यापेक्षा चार अंश जास्त तापतं.

गुरुवारी पुन्हा तपासणी आणि पुन्हा होल्ड. शुक्रवारी लाईट गेली, म्हणून होल्ड. तन्वी रोज वर जायची आणि घामाने निथळत खाली यायची. "काय झालं?" विचारलं की म्हणायची, "अजून बघतायत." तिला काही घाई दिसत नव्हती. घाई मला होती. तिकीट मी काढलं होतं, चार खोकी मी बांधली होती, पाचवं खोकं कॉम्प्युटरची वाट पाहत आ वासून पडलं होतं. शनिवारी दुपारी माझा संयम सुटला आणि मी जिना चढलो.

दार वहिनींनी उघडलं. त्यांचा पदर भिजला होता. आत पाऊल टाकलं आणि भट्टीत शिरल्यासारखं झालं. पश्चिमेची खिडकी, जिच्यातून आमच्या इमारतीत जो काही वारा येतो तो येतो, कडी लावून बंद. शिवाय तिच्यावर चादर. पंखा बंद. आणि नुसत्या बनियनवर घाम पुसत बसलेले दामूभाऊ. पडद्यावर त्यांचा सैनिक पुलाच्या टोकाशी उभा राहून मरत होता.

"पंखा का बंद आहे, दामूभाऊ?"

"कार्डाचा आवाज ऐकायचा हाय."

"आणि खिडकी?"

"धूळ येते."

"चादर?"

ते वही मिटू लागले. मी त्यांची वही ओढली. मी काही लॅबमधला माणूस नाही, पण परीक्षेचे पेपर तपासून तपासून माझी नजर रिकाम्या जागेवर बरोबर जाते. जुन्या कार्डाच्या पानावर लिहिलं होतं: खोलीचं तापमान एकोणतीस, वेळ सकाळ, खिडकी उघडी, पंखा चालू. नव्या कार्डाच्या सगळ्याच पानांवर खोलीच्या तापमानाचा रकाना कोरा होता. भिंतीवरचं तापमापक छत्तीस दाखवत होतं. तीस वर्षं प्रामाणिकपणाने मोजमाप केलेल्या माणसाने एका यंत्राला उकाड्यात कोंडून नापास केलं होतं. आणि खोटा आकडा लिहायला हात धजला नाही, म्हणून तो रकाना तसाच सोडला होता.

मला खरं तर हसू यायला हवं होतं. पण मी मास्तर, त्यामुळे चढलेल्या आवाजात म्हणालो, "दामूभाऊ, ही तपासणी आहे?"

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "सांगा की आता. बुधवारपास्नं मला पण भाजताय."

दामूभाऊंनी चष्मा काढला. "खिडकी मीच लावली, मास्तर," ते म्हणाले. "कार्ड पयल्याच दिवशी पास होतं. चांगलं हाय. जुन्याला त्याची सर नाय." मग ते चष्म्याची काच पुसू लागले. "सही केली की पोरगी जाईल. म्हणून नाय केली."

दहा वर्षं ज्यांच्या पावलांवरून मी भांडणाचा निकाल ओळखायचो, त्या माणसासमोर मी वही हातात धरून उभा होतो, कॉपी करताना मीच सापडल्यासारखा.

तेवढ्यात तन्वी आली. तिने आमच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि चादर ओढून काढली, खिडकी उघडली, पंखा लावला. वारा आत आला. आम्ही चौघं अर्धा तास पंख्याखाली बसलो. खोली निवाली, तसं तिने गेम पुन्हा सुरू केला, सैनिकाला पुलाच्या टोकाशी नेलं आणि वही त्यांच्यासमोर सरकवली.

"घ्या काका, रीडिंग."

नवं कार्ड जुन्यापेक्षा तीन अंश थंड निघालं. दामूभाऊंनी आकडा लिहिला. कोरा रकाना भरला. खाली 'पास' लिहून सही केली. मग पेन बंद करत म्हणाले, "सोमवारपास्नं सकाळी सकाळी माझं चुकतंय म्हणून सांगायला कोण येल गे?"

तन्वी त्यांच्या शेजारी बसून राहिली. वहिनींनी चहा आणला. तो गार होईपर्यंत कोणी हात लावला नाही.

खाली उतरताना जिन्यात मी तिला म्हटलं, "तुला कळलं नाही का, खिडकी बंद आहे ते?"

"बुधवारीच कळलं होतं, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांना अजून थोडे दिवस हवे होते." ती एका पायरीवर थांबली. "मलाही हवे होते. ते खिडकी लावायचे आणि मी पंख्याच्या बटनाकडे बघायचेच नाही."

ती पुढे गेली. मी तिथेच थांबलो. मला दामूभाऊंचा राग आला नव्हता, हेवा वाटत होता. गेला महिनाभर मी तिकिटं, पत्ते, खोकी यांच्यामागे धावत होतो. मुलगी जातेय याचं वाईट वाटत होतं, पण तसं एकदाही तोंडाने म्हणालो नव्हतो. बापाने असं म्हणू नये, असा माझा समज. शेजारच्या माणसाने तिला अडवायला चार दिवस स्वतःला उकडून घेतलं, आणि मी मात्र घरबसल्या सुतळी कापत होतो.

घरी आलो. कॉम्प्युटर आला, खोक्यात बसला. तन्वीने सुतळीचा गुंडा माझ्यापुढे धरला.

"उद्या बांधू," मी म्हटलं. "आज बस जरा इथे."