हौदाला भोक कोणी पाडलं?

जगात दोनच प्रकारची माणसं असतात, असं भिंगसरांचं ठाम मत होतं: एक ते स्वतः आणि बाकीचे संशयित. नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि मेंदू... मेंदूला उपमा अजून सापडली नव्हती, तपास चालू होता. एवढी सामग्री असूनही त्यांच्याकडे आजवर एकच प्रकरण आलं होतं, हरवलेल्या मांजराचं. ते मांजरही वाट बघून कंटाळलं आणि आपलं आपण घरी गेलं.

शेवटी मुख्याध्यापिका असलेल्या थोरल्या बहिणीने त्यांना कान धरून शाळेत आणलं आणि नापासांच्या वर्गाला गणित शिकवायला उभं केलं.

"ताई, मला गणित येत नाही गं."

"त्यांनाही येत नाही. जमेल तुमचं. निकाल लागला की सुटलास तू."

निकाल लागला आणि अख्खा वर्ग पास झाला! शाळेचे अध्यक्ष खवळले. ही कॉपीच, म्हणाले. शाळा सुटेपर्यंत खुलासा झाला नाही तर निकाल रद्द, वर्ग बंद आणि पोरं घरी.

सरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अखेर एक प्रकरण चालून आलं होतं! ज्या भिंगावरून वर्गाने त्यांचं बारसं केलं होतं, ते त्यांनी खिशातून काढलं.

पहिला संशय सतत जांभया देणाऱ्या मुलीवर, म्हणजे जांभईवर. एक जांभई म्हणजे पहिलं उत्तर, दोन म्हणजे दुसरं! सरांनी तिच्यासमोर बसून जांभया टिपल्या. थोड्याच वेळात सर घोरू लागल्याने तो धागा तुटला.

मग पैलवान. बाक मोडताना त्याचा हात मोडला होता. प्लास्टरवर उत्तरं असणारच! भिंगातून पाहिलं तर तिथे एक भलंमोठं भिंग काढलेलं होतं आणि त्यामागे एक इवलंसं डोकं.

"हा कोण?"

पैलवानाने उलट विचारलं, "सर, तुम्हालाही खरं वाटत नाही का, आम्ही पास झालो ते?"

सरांनी भिंग खाली घेतलं. एवढ्यात ताई आत आली.

"सापडला चोर?"

"संशयित सगळेच आहेत."

"मुलांना विचारलंस?"

"ताई, संशयितांना असं सरळ विचारत नसतात!"

ताई वर्गाकडे वळली. "काय रे, कसे पास झालात?"

"अभ्यास केला," जांभई म्हणाली आणि तिने जांभई दिली.

इतका सुमार उलगडा सरांनी आजवर ऐकला नव्हता.

"ते हौदाचं गणित होतं ना, बाई," पैलवान म्हणाला. "वरून नळ चालू, खाली भोक, हौद कधी भरेल? आधीचे सर नुसतं म्हणायचे, सोडवा. हे म्हणाले, भोक पाडलं कोणी? मग भोक पाडणारा कधी पळाला ते पाणी मोजल्याशिवाय कळेना. आणि यांना तर मोजताच येईना."

"मग आम्हालाच शिकावं लागलं," जांभई म्हणाली. "सर अडले की वाईट वाटायचं."

"तोंडी पुरावा चालणार नाही!" दारातून अध्यक्ष गरजले.

ताईने तिथल्या तिथे फळ्यावर हौदाचं नवं गणित लिहिलं. "सोडवा सगळ्यांनी. सर, तुम्हीसुद्धा."

सगळ्या पोरांची उत्तरं बरोबर आली. जांभई तर सोडवून झोपलीसुद्धा. सरांच्या पाटीवर एकच शब्द होता: माळी.

"निकाल कायम," अध्यक्ष नाइलाजाने म्हणाले. "फक्त एकजण नापास."

पोरांनी बाकं बडवली. सर मात्र मुकाट्याने भिंग खिशात घालू लागले. सुटका झाली होती आणि ती त्यांना मुळीच नको होती.

"बाई," पैलवानाने विचारलं, "नापास झालेल्याने पुढच्या वर्षी त्याच वर्गात बसायचं ना?"

"नियमच आहे तो," ताई गंभीरपणे म्हणाली.

"मग काळजी नको, सर. आम्ही वरच्या वर्गातून येऊ अधूनमधून, तुम्हाला शिकवायला."

सर बराच वेळ भिंग पुसत राहिले. पण भोक माळ्यानेच पाडलं होतं, यावर ते अजूनही ठाम आहेत.