सहा वाफे, सात दिवस

संसार मोठ्या भांडणांनी मोडतात असा एक गोड गैरसमज आहे. मोठी भांडणं माणसं निभावून नेतात. संसाराला खरा धोका असतो तो रोज संध्याकाळी विचारल्या जाणाऱ्या "आज भाजी काय करू?" या प्रश्नापासून. "काहीही कर" हे उत्तर यावर चालत नाही, आणि एखाद्या भाजीचं नाव घ्यावं तर नेमकी ती घरात नसते. (जिचं नाव कुणी घेत नाही ती असते, आणि ती सडत आलेली असते.)

हा प्रश्न कायमचा निकालात काढायचं हेडक्लार्कांनी मनावर घेतलं, त्याला कारण झालं.

सव्वीस वर्षं ते एका मोठ्या कचेरीच्या आवक-जावक विभागात होते. बाहेरून आलेल्या कागदावर आवक क्रमांक घालायचा, आतून निघालेल्या कागदावर जावक क्रमांक घालायचा, आणि जो कागद आलाही नाही व गेलाही नाही त्याची वाट पाहायची. पुढे कचेरीत संगणक आले आणि विभाग बंद झाला. हेडक्लार्कांना मात्र कुणी काढलं नाही. काढायचं तर तसं पत्र जावं लागलं असतं, आणि पत्रावर जावक क्रमांक घालणारा विभागच उरला नव्हता. त्यांचं टेबल उचलून जिन्याखाली ठेवण्यात आलं. शेजारी तीन मोडक्या खुर्च्या होत्या. कामाच्या दृष्टीने चौघांत फारसा फरक नव्हता.

घरी त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. रोज नऊला डबा घेऊन जात, साडेपाचला तो रिकामा करून परत येत. पण सव्वीस वर्षं चाललेला हात एकाएकी थांबत नाही. जिन्याखाली बसून त्यांनी अकरा पानी आराखडा तयार केला: "कौटुंबिक भाजीपाला स्वयंपूर्णता व साप्ताहिक भोजन नियोजन, टप्पा पहिला."

आराखडा निर्दोष होता. घरामागच्या मोकळ्या जागेत सहा वाफे. सोमवारी गाजर, मंगळवारी फ्लॉवर, बुधवारी भोपळा, गुरुवारी टोमॅटो, शुक्रवारी शेंगा, शनिवारी कोबी. रविवारी शिल्लक. कोणती भाजी कोणत्या वारी काढायची याचं परिशिष्ट अ, आणि एखादी भाजी गैरहजर राहिल्यास तिच्या जागी कुणाला बसवायचं याचं परिशिष्ट ब. आराखडा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर डकवला गेला आणि त्याखाली घरच्या तिघांच्या सह्या घेतल्या गेल्या.

तिघं म्हणजे पत्नी, कन्या आणि वडील. पत्नी इस्पितळात सिस्टर होत्या. (आराखड्यात त्यांचा उल्लेख 'स्वयंपाक विभाग' असा होता. त्यांनी तो वाचला, हेडक्लार्कांकडे पाहिलं आणि सही केली. हे पाहणं कसं होतं ते विवाहित वाचकांना सांगायला नको.) कन्या कॉलेजात होती आणि कशालाच हसायची नाही, त्यामुळे ती कधी हसत असे ते कळत नसे. वडील ऐंशीला टेकलेले, निवृत्त गवंडी. वाफे त्यांनी आखले, दोरी लावून, कडेला विटा रचून. वाफे इतके सरळ झाले की त्यांत उगवायला भाजीला संकोच वाटत असावा.

कारण ती उगवली नाही. पहिल्या सात आठवड्यांचा अहवाल असा: पेरलेल्या बिया तीनशे बारा, वर आलेली रोपं एकोणीस, पैकी गवत अकरा. उरलेल्या आठांपैकी पाच गोगलगायींनी चाचणीसाठी घेतली. या काळात भाजी बाजारातून येत होती आणि तिला 'तात्पुरती व्यवस्था' म्हणत. (जगातल्या बहुतेक कायमच्या व्यवस्थांचं मूळ नाव हेच आहे.)

हेडक्लार्क रोज घरी आले की बूट न काढता मागे जात, वही उघडून उभे राहत, आणि 'निरंक' लिहून आत येत. पुढेपुढे त्यांचं जेवण कमी झालं. मग बोलणं. एके संध्याकाळी त्यांनी कपाटावरचा आराखडा चारही कोपऱ्यांनी जपून सोडवला आणि म्हणाले, "हेही बंद करू या."

"राहू द्या की," पत्नी म्हणाल्या. "आणखी एक आठवडा बघू."

वाक्यात 'हेही' होतं. 'हे' नव्हतं. सिस्टरांना चोवीस वर्षांच्या नोकरीत एक कला साधली होती: रोगी जिथे दुखतंय म्हणून सांगतो तिथे न पाहता, जिथे हात नेत नाही तिथे पाहायचं.

पुढच्या सोमवारी वाफा क्रमांक एकमध्ये गाजरं निघाली.

एक किलो निघाली. सगळी एका लांबीची होती, स्वच्छ होती, आणि त्यांतली पाच रबरबँडमध्ये होती. हेडक्लार्कांनी नोंद केली: "उत्पादन समाधानकारक. बियाणं सुधारित असावं." मंगळवारी फ्लॉवर आला. बुधवारी भोपळा. तो सात किलोंचा होता आणि हातभर वेलीजवळ असा टेकला होता, जसा लांबून आलेला पाहुणा बॅग ठेवून भिंतीला टेकतो. गुरुवारी टोमॅटो लागले, तेही झाडाला फूल येण्याची औपचारिकता टाळून. देठांना हिरवा दोरा होता. (नोंद: "आधारासाठी निसर्गाची योजना विलक्षण.")

हेडक्लार्क मूर्ख होते असा निष्कर्ष इथे घाईघाईने काढू नये. ज्याने हयातभर, कागदावर आहे म्हणजे आहे, या तत्त्वावर पगार घेतला, त्याच्या कागदावर सोमवार आणि गाजर शेजारी शेजारी होते. सोमवारी गाजर आलं. यात शंका घ्यायला जागा कुठे होती?

ते पुन्हा जेवू लागले. दाढी करताना गुणगुणू लागले. शेजारच्या शिंप्याला कुंपणावरून खताबद्दल सल्ले देऊ लागले. शिंपी दोरा दातांनी तोडत ऐकून घेई आणि म्हणे, "तुमच्या हाताला गुण आहे." नियोजनाची यशस्विता सलग पाच आठवडे शंभर टक्के राहिली. जगाच्या पाठीवर कुठल्याही नियोजनाला हे जमलेलं नाही, आणि तिथेच खरं तर कुणाच्याही मनात पाल चुकचुकायला हवी होती.

सहाव्या आठवड्यातल्या मंगळवारी कचेरीत जिन्याला रंग द्यायचा निघाला. रंगाऱ्यांनी मोडक्या खुर्च्या बाहेर काढल्या, मग टेबल काढलं, आणि मग हेडक्लार्कांना विनंती केली. दुपारी तीनला ते घरी पोचले. पुढचं दार बंद होतं म्हणून बाजूच्या बोळातून मागे गेले आणि कोपऱ्यावर थांबले.

वाफा क्रमांक दोनमध्ये त्यांचे वडील गुडघ्यांवर बसले होते. त्यांना खाली बसायला दोन मिनिटं लागत आणि उठवायला दोन माणसं. हातात बाजारातला फ्लॉवर होता आणि ते तो मातीत रोवत होते. डोक्यावर छत्री धरून सिस्टर उभ्या होत्या, ड्युटीच्या कपड्यांत. कन्येच्या हातात परिशिष्ट अ होतं.

"जरा डावीकडे, आजोबा," कन्या म्हणाली. "गेल्या वेळी तिथंच होता."

"डावीकडे गेला तर ओळ मोडते. तो ओळ बघतो."

"माती चोळा थोडी," सिस्टर म्हणाल्या. "मागे फार स्वच्छ निघाला होता. आणि लवकर उठा बाबा, गुडघा परत सुजेल."

"सुजू दे. आज पानांवर चिखल नीट बसलाय."

हेडक्लार्क पावलांचा आवाज न करता मागे सरले. बोळातून बाहेर आले आणि दुसरं काही न सुचून शिंप्याच्या दुकानात शिरले. शिंप्याने घड्याळाकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. साडेपाचला वेळ आहे अजून."

शिंप्याने मशीन चालू केलं. मग हेडक्लार्कांनी विचारलं, "हिरवा दोरा आहे का हो तुमच्याकडे?"

"होता. संपला." शिंप्याने कापड फिरवलं. "टोमॅटोला फार लागतो."

त्यांना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग आपले वडील आत्ता उठले असतील का, एवढाच विचार उरला. साडेपाचला ते घराकडे निघाले. फाटकापाशी तीनदा खोकले, प्रत्येक खोकल्यानंतर पुरेसा वेळ सोडला, आणि आत गेले. बूट न काढता मागे गेले. फ्लॉवर उपसला, उलटसुलट करून पाहिला. दारात तिघं उभी होती.

"ओळ अगदी सरळ आहे," ते म्हणाले.

"हं," वडील म्हणाले.

रविवारी कपाटावर सुधारित आराखडा लागला. तो अर्ध्या पानाचा होता. "बुधवार: भोपळा रद्द. कारण: वजन. इतर सर्व भाज्या यापुढे वाफ्यांऐवजी कट्ट्यावरच्या कुंडीतून काढण्यात याव्यात, जेणेकरून संबंधितांना खाली बसावं लागू नये. चिखलाची आवश्यकता नाही."

सिस्टरांनी तो उभ्याउभ्या वाचला. पुन्हा वाचला. मग ओट्यापाशी आल्या. हेडक्लार्क शेंगा निवडत होते.

"माझं टेबल जिन्याखाली आहे," ते शेंगांना म्हणाले.

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"गाजरांच्या आधीपासून. तुमचा शिपाई ड्रेसिंगला आला होता माझ्याकडे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. तोवर जेवायला तर हवं."

त्यांनी आणखी एक शेंग सोलली. मग म्हणाले, "भोपळा कोण आणायचं? सात किलोंचा होता तो."

"आम्ही दोघी. पिशवीचा एकेक बंद धरून. शिंप्याच्या दुकानात एकदा टेकायचो."

सोमवारी हेडक्लार्क कचेरीत साहेबांसमोर उभे राहिले आणि काम मागितलं. असा अर्ज कचेरीच्या इतिहासात पहिलाच असल्याने त्यावर काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. तीन आठवड्यांनी त्यांना जुन्या फायलींच्या खोलीची किल्ली मिळाली. संध्याकाळी परतताना बाजारातून भाजी आता तेच आणतात. स्वयंपाकघरात "आज काय करू?" हा प्रश्न पूर्ववत सुरू झाला आहे आणि त्यावर घरात रोज अर्धा तास वाद होतो. प्रकृती सर्वांची उत्तम आहे.

आता हे वाचून हेडक्लार्कांची कीव करणाऱ्यांसाठी एक शेवटचं कलम. पाहुणे आले की तुम्ही तो एक किस्सा सांगता, तुमच्या प्रवासातला, अठरा वर्षांपूर्वीचा. तुमच्या घरची माणसं तो प्रत्येक वेळी कान देऊन ऐकतात, शेवट जवळ आला की एकमेकांकडे पाहतात, आणि नेमक्या जागी पोट धरून हसतात. किस्सा मजेदार आहे, याबद्दल तुमच्या मनात अर्थातच शंका नसेल.