लघाटे सरांची आरवणारी कोंबडी

मी ज्यांचा सगळ्यांत जास्त ऋणी आहे ते लघाटे सर फोनवर नेहमी ‘मॅडम’ असतात. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो, तसा त्यांचा फुटलाच नाही. गॅसवाला असो की बँकेचा माणूस, पलीकडून विचारणा ठरलेली, “मैडम, सर हैं क्या?” सर शांतपणे उत्तर देतात, “मैडम तो इस घर में आई ही नहीं. सर ही बोल रहे हैं.” आणि फोन ठेवून देतात. म्हणूनच की काय, ते आजही पोस्टकार्डं लिहितात.

पुजाऱ्यांच्या घराण्यातले सर खंडेराव गेटाजवळच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. झाशीच्या कॉलेजात ते आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत. मी झाशीजवळच्या बरुआसागरचा, आल्याची शेती करणाऱ्यांच्या घरातला. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि तो सरांमुळे. बुंदेलखंडात पिढ्या गेल्यानं घरी आमची मराठी मोडकीतोडकी होती. तीही सरांनीच नीट करून घेतली.

स्टेरॉइड हार्मोन त्यांचा जीव की प्राण. ते पाहुण्याची ओळख करून द्यावी तसे सांगत, “हा गडी तेलात विरघळणारा. पेशीचं पटल याला अडवत नाही. पण आत याला धरणारं प्रथिन असेल तरच याचं काम होतं. शिरतो सगळीकडे, मुक्काम एखाद्याच घरी.” हे वाक्य ते कुठेही लावत. प्राचार्यांचं परिपत्रक फिरून आलं की म्हणत, “शिरलं सगळीकडे, मुक्काम कुठेच नाही.”

दुसरं वाक्य होतं, “कापून बघितलंस?” न कापता बोलणाऱ्याला ते कीर्तनकार म्हणत. कँटीनमध्ये मी एकदा “आज समोसे चांगले आहेत” म्हणालो, तर तिथेही तोच प्रश्न.

पुरुष-हार्मोनमुळे स्वरयंत्र वाढतं आणि आवाज जाड होतो, हा धडा ते त्याच बारीक आवाजात शिकवत. मागच्या बाकांवर खसखस पिके. सर खडू हातात घेऊन थांबत. हसणं संपलं की म्हणत, “झालं? लिहून घ्या. परीक्षेला येतं.”

लक्ष्मी गेटापाशी बब्बू भैयाचं सायकलचं दुकान आहे. दुकानामागे तो कोंबड्या पाळतो. मी एम.एस्सी.ला असताना त्यातल्या एका म्हाताऱ्या कोंबडीनं अंडी देणं बंद केलं. तिचा तुरा वाढला, पायाला कोंबड्यासारख्या टोकदार आऱ्या फुटल्या आणि एका सकाळी ती चक्क आरवली. बब्बू भैया घाबरला, रविवारी तिला कापायला निघाला. “मास्साब, मुर्गी बाँग देन लगी. बड़ो असगुन है. इतवार खों काट दैहें.”

सरांनी आपली नवी छत्री त्याला देऊन टाकली आणि कोंबडी काखेत घेऊन निघाले. आमची वरात खंडेराव गेटातून जात असता शेजारच्या पटवर्धन काकूंनी हटकलंच, “भावजी, पुजाऱ्यांच्या घरात हे काय आणलंत?”

“प्रयोगाचं साहित्य,” सर म्हणाले.

ते खोटं नव्हतं. कोंबडीचं फक्त डावं अंडाशय काम करतं. ते रोगानं निकामी झालं की स्त्री-हार्मोन आटतं, उजवीकडचा निजलेला अवयव वाढतो, त्यातून पुरुष-हार्मोन सुटतं आणि कोंबडी आरवू लागते. हाच माझ्या प्रबंधाचा विषय ठरला. पण पुरावा तिच्या पोटात होता. ती कापल्याशिवाय प्रबंध म्हणजे नुसतं कीर्तन. आणि मी नापास झालो तर परत आल्याच्या शेतात.

कापायचा दिवस ठरला. सर म्हणाले, “आज नको, बाईंचा घसा बसलाय.” कोंबडीला ते बाई म्हणत. पुढच्या वेळी बाईंना पिसं गाळायची होती. त्याच्या पुढच्या वेळी सुरीला धार नव्हती. तोंडी परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा माझा तोल गेला. “सर, हजार बेडूक कापलेत तुम्ही! एका कोंबडीसाठी माझं वर्ष घालवणार?”

 दुसऱ्या दिवशी माफी मागायला मी उजाडता उजाडता त्यांच्या घरी गेलो. दार ढकलणार तोच आतून कोंबडी आरवली, आणि त्या आरवण्याखालून एक बारीक, स्वच्छ आवाज भूपाळी म्हणू लागला. कोंबडी थांबली की तोही थांबे. ती आरवली की पुन्हा तिथूनच पुढे.

गणपतीत झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या आरतीला सर फक्त ओठ हलवतात आणि टाळ्या वाजवतात, हे मला तेव्हा आठवलं. मी दार न ढकलता परत फिरलो.

परीक्षकांनी विचारलं, “छेद कुठे आहे?” माझ्याआधी सरच म्हणाले, “कापलेली नाही. दोष माझा. कीर्तनकार म्हणून माझं नाव लिहा.” मी काठावर पास झालो. आज बाहेरगावी एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, शिकवतो.

गेल्या महिन्यात सरांचं पोस्टकार्ड आलं. “बाई गेल्या. फॉर्मॅलिनच्या बरणीत अख्ख्या ठेवल्या आहेत. तुझा पुरावा तुझ्याकडे राहिला पाहिजे. ये आणि कापून बघ.”

मी पाठवलेलं उत्तर असं:

ती. सरांना शिरसाष्टांग नमस्कार.

आपलं कार्ड पोचलं. बाईंना बरणीतून काढून अंगणातल्या लिंबाखाली पुरावं, ही विनंती. मला छेद नको. माझ्या वर्गात मी न कापता सांगतो आणि मुलं ऐकतात.

त्या वेळी मी आपल्याला नको ते बोललो. दुसऱ्या दिवशी पहाटे माफी मागायला आलो होतो, पण दारातूनच परतलो. भूपाळी पूर्ण ऐकायची राहिली.

यंदा गणपतीला मी झाशीला येतो आहे. आरतीला आपल्या शेजारी उभा राहीन. माझा आवाज फार मोठा आणि बेसूर आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. आपण खुशाल म्हणा.

आपला विद्यार्थी,
मोरे