गैरसोयीचं बेट

दातांच्या डॉक्टरांनी देश सोडायचं ठरवलं ते पाठीपायी. सोफ्यावर झोपून झोपून त्यांच्या पाठीची कमान झाली होती, आणि आत, त्यांच्या स्वतःच्या पलंगावर, बायकोचे मामा उजवा पाय उशीवर ठेवून खुशाल घोरत होते.

पाहुण्याला पलंग आणि यजमानाला सोफा, हा त्यांच्या घराण्याचा नियम. कोणी केला देव जाणे. ज्याने केला त्याच्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नसणार! डॉक्टरांचं घर पडलं मोठ्या इस्पितळाच्या दारात. त्यामुळे नात्यात कोणाचा गुडघा कुरकुरला, कोणाला अंधूक दिसायला लागलं, की माणूस आधी डॉक्टरांकडे बॅग टाकायचा आणि मग इस्पितळात नाव घालायला जायचा. मामांचा गुडघा तर कधीच बरा झाला होता. पण ‘एवढ्यात जिने नकोत’ म्हणून ते राहिले होते. डॉक्टरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, तेही बिनलिफ्टचं, हे त्यांना कोण सांगणार?

“बास झालं आता!” डॉक्टर सकाळी बायकोवर ओरडले. अर्थात दबक्या आवाजात.

“हळू बोला, मामा झोपलेत.”

“तेच तर म्हणतोय ना मी! ते झोपलेत! माझ्या पलंगावर!”

त्या दिवशी खुर्चीत आ वासून बसलेल्या एका पेशंटने मोबाइलवर फोटो दाखवला. निळं पाणी, माडाची झाडं आणि मधोमध एकच घर. तोंडात नळी असल्यामुळे पेशंटला काही सांगता येईना, पण डॉक्टरांना सगळं कळलं. उष्ण कटिबंधातल्या बेटांवरची घरं विकणारा एक दलाल त्यांनी दुपारीच गाठला.

लोक देश निवडताना हवा बघतात, कर बघतात, समुद्र किती निळा ते बघतात. डॉक्टरांनी एकच गोष्ट बघायची ठरवली. नातेवाइकाला तिथे पोचायला किती त्रास होतो?

“साहेब, हा देश म्हणजे सोनं आहे,” दलाल फोनवर म्हणाला. “थेट विमान. सकाळी घरून निघालात की दुपारी समुद्रात पाय!”

“नको. पुढचा सांगा.”

“पुढच्या देशात जमीन भाडेपट्ट्याने मिळते. किनारा मात्र सगळ्यांसाठी खुला हं, कोणीही येऊन बसू शकतं.”

“कोणीही? मग इथे काय वाईट चाललंय माझं?”

दलाल चक्रावला. “साहेब, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?”

“गैरसोय!” डॉक्टर कडाडले. खुर्चीतल्या नव्या पेशंटने घाबरून तोंड मिटलं.

“मग एक आहे,” दलाल जरा शरमूनच म्हणाला. “विमान, मग बस, मग लाँच. शेवटी छोटी होडी, तीही भरती असेल तरच. आणि घर म्हणजे एक खोली, पुढे व्हरांडा. मी कोणाला दाखवतच नाही हो ते. तिथे इस्पितळही नाही.”

“अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!” डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला.

“एक नर्स येते पण अधूनमधून.”

“कशी आहे? फार हुशार तर नाही ना?”

दोन दिवसांत होकार कळवतो, असं म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला. आणि दुसऱ्याच दिवशी, घात व्हायचा तो झाला. ते मोबाइल घरी विसरून दवाखान्यात गेले.

संध्याकाळी परत येऊन बघतात तर मामा गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे! काठी बिठी काही नाही.

“जावईबापू, मानलं तुम्हाला! काय देश शोधलात!”

डॉक्टरांची नजर टेबलावरच्या मोबाइलकडे गेली.

“तुमच्या त्या दलालाचा फोन आला होता. दुसरं गिऱ्हाईक लागलंय, आजच हो म्हणा म्हणाला. मी म्हटलं, हो.”

“माझ्या वतीने?”

“छे छे! माझ्या वतीने. इसार पण पाठवला.”

“अहो मामा, ते घर मी शोधलं! मी!”

“म्हणून तर डोळे झाकून घेतलं. तुम्ही दाढेच्या मागची कीड हुडकता, तुमची नजर चुकेल होय?”

“पण तुम्हाला कशाला हवंय बेट?”

मामा खाली बघायला लागले. “माझ्या घरी कधी आलायत? दोन मुलं, दोन सुना, वर सुनांच्या आया. मला झोपायला बाल्कनी. गुडघा केव्हाच बरा झालाय हो. घरी जायचा धीर होत नव्हता.”

डॉक्टरांना वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा भयंकर रागही आला. बायको मात्र खूश. “झालं ना मनासारखं? पलंग मिळाला तुमचा. आता कशाला जायचंय समुद्रात?”

हे खरं होतं. मामा गेले त्या रात्री डॉक्टर स्वतःच्या पलंगावर आडवे झाले आणि ढाराढूर झोपले. सकाळी बेल वाजली. दारात डॉक्टरांची सख्खी ताई, हातात बॅग, एका डोळ्याला पट्टी.

“ऑपरेशन सांगितलंय रे. मग दोन-तीन महिने काळजी घ्यायची म्हणे.” आणि आत जाऊन पलंग दाबून बघत म्हणाली, “गादी जरा मऊच आहे की रे तुझी.”

डॉक्टरांनी तोंड उघडलं. समोर बायको हाताची घडी घालून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी सोफ्यावर चादर अंथरली.

ताईचं ऑपरेशन नीट पार पडलं, भाचीला तिच्या सोबतीला बोलावलं, आणि डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप ठोकून बायकोसह प्रस्थान ठेवलं. विमानात त्यांचे कान दुखले, बसमध्ये कंबर धरली, लाँचमध्ये उलट्या झाल्या. भरतीची वाट बघत दोघं भर उन्हात दगडावर बसून राहिले. “कोण मूर्ख माणूस असली जागा निवडतो?” डॉक्टर संतापाने म्हणाले. बायकोने फक्त त्यांच्याकडे बघितलं.

होडी टेकली तेव्हा मामा व्हरांड्यात वारा खात पडले होते. या दोघांना बघून त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. पण घराण्याचा नियम तो नियम. त्यांनी मुकाट्याने आतली उशी उचलून बाहेर आणली.

“या, या. किती दिवस आहात?”

“बघू,” डॉक्टर आतल्या पलंगावर ऐसपैस पसरत म्हणाले. “पाठ काय म्हणते त्यावर आहे.”

आठवडा गेला, पंधरवडा गेला. पाठीची काही परत निघायची चिन्हं दिसेनात. एका दुपारी व्हरांड्यातल्या बाकावर कूस बदलून बदलून मामा अखेर उठले आणि दारात येऊन उभे राहिले.

“जावईबापू, रागावू नका, पण याच्याहून लांबचा देश आहे का हो एखादा?”

“आहे ना,” डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले. “फक्त या खेपेला पलंग जरा मोठा बघा. ताईलाही आणतो.”