कापगते काकांनी पारखलेली विलायती गाडी

कापगते काकांनी पहिला फ्रीज घेतला, तेव्हा भर दुकानात त्याच्या पाठीवर थाप मारली, वाकून चारही पाय तपासले, दार उघडून आत तोंड घातलं आणि वास घेतला. मग दुकानदाराला म्हणाले, "चाल दाखव पयले." बिचाऱ्याने प्लग लावला. काका पाच मिनिटं फ्रीजला कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "श्वास बरा हाय. बांधा."

काका चाळीस वर्षं बैलबाजारातले दलाल. "कापगत्यानं पाह्यला" एवढं कळलं की आमच्या अर्जुनी मोरगावात त्या बैलाचे दात पुन्हा कोणी मोजत नसे. पुढे घरोघरी ट्रॅक्टर आले, बाजार आटला आणि काका घरी बसले. पारख मात्र बसायला तयार नव्हती. मी त्यांचा शेजारी आणि शाळामास्तर, म्हणजे दोन्ही अर्थांनी हाताशी असलेला माणूस. माझी स्कूटर त्यांनी पुढच्या पायाने लंगडी ठरवली. माझ्या मेहुणीला पाहायला आलेल्या मुलाला अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या. लग्न अर्थातच फिसकटलं. वर्षभराने तो मुलगा तिसरी नोकरी सोडून पळाल्याचं कळलं आणि काका आठवडाभर गावातून ताठ मानेने फिरले. "कापगत्याले फसवनारा अजून पैदा व्हायचा हाय," असं ते पानठेल्यावर रोज एकदा तरी म्हणत. त्यांच्याजवळ उरलेली इस्टेट म्हणजे हे एवढं वाक्य.

अशा माणसाला कोणीतरी मोबाइलवर जुन्या मोटारीची जाहिरात दाखवली. गोंदियातली, विलायती बनावटीची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची. दारं चार, म्हणजे तशी घरंदाज. पण अंगलट शर्यतीच्या गाडीची, जमिनीला चिकटलेली. "जात पाह्य मास्तर, जात!" काका म्हणाले. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. "मी नांगर तरी कोठी धरला होता?" असं विचारून त्यांनी मला ड्रायव्हर नेमलं. पानठेल्यावर बातमी गेली, आणि सगळं गाव निकालाची वाट पाहू लागलं.

मालक निघाले पंचाहत्तरीचे एक गृहस्थ. पूर्वी त्यांची राइस मिल होती. सगळे त्यांना बाबूजी म्हणत. काकांनी गाडी आधी मागून पाहिली, कारण तोंडाला सगळेच पावडर लावतात असं त्यांचं मत. मग जमिनीवर चक्क आडवे होऊन त्यांनी पोटाखाली नजर टाकली. तिथे काळं तेल ठिबकत होतं. बॉनेटवर कान ठेवून बाबूजींना इंजिन सुरू करायला सांगितलं. ते तिसऱ्या प्रयत्नाला, ते पण खोकत, सुरू झालं. एवढं मलाही ऐकू आलं. काकांनी कान उचलला आणि कपड्यांवरची धूळ झटकली.

"काऊन विकून राहिले जी?" त्यांनी फक्त एवढंच विचारलं.

"बंगला बिक गया," बाबूजी म्हणाले. "लडके का फ्लैट है. गाडीले जागा नाही म्हणते. आणि खरं सांगू? त्याले ही आवडत नाही." त्यांनी गाडीचं उघडं दार लावून घेतलं. एका हाताने कडी उचलून धरली, दुसऱ्या तळहाताने काच दाबली, आणि आवाज न होऊ देता दार मिटवलं.

काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला. बैलबाजारात सौदा असाच होतो: कापडाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, बाहेरच्याला आकडा कळत नाही. बाबूजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि सोडेचनात. काकांनी भावाचं एकही बोट दाबलं नाही. मग म्हणाले, "झाला सौदा."

बाबूजींनी दोन किल्ल्या पुढे केल्या. काकांनी एक घेतली, दुसरी परत दिली. "जनावर विकलं तरी दोर जुन्या मालकाजवळच रायते. आमच्याकडे रीत हाय." बाबूजी पाहतच राहिले. मी काकांच्या कानात म्हटलं, "अहो, हे चोराला किल्ली देण्यासारखं आहे." त्यांनी मला कोपर मारलं.

गाडीने वाटेतच, कोहमारा गावाच्या पुढे, प्राण सोडला. गावात आम्ही शिरलो ते ट्रॅक्टरच्या मागे, साखळीने ओढले जात. ज्या यंत्राने काकांचा धंदा बसवला, तेच पुढे धूर सोडत होतं. पानठेल्यावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. "काका, दात मोजले होते का जी?" असं शेंबडी पोरंसुद्धा विचारत. मेकॅनिकने कपाळाला हात लावला. गाडी काकांच्या अंगणात उभी राहिली ती राहिलीच. सगळ्यांत मोठ्याने मी हसत होतो, हे आता कबूल करतो.

दोन-अडीच महिन्यांनी एका रविवारी मी कुंपणापाशी उभा असताना पाहिलं, पांढऱ्या कपड्यातला एक म्हातारा त्या गाडीचं दार किल्लीने उघडत होता. मी ओरडणार, तेवढ्यात काकांनी मला पडवीत ओढलं. "गप. बाबूजी हाय."

बाबूजी चाकामागे बसले. रुमालाने समोरच्या तबकड्या पुसल्या. मग नुसते बसून राहिले.

"गोंदियाहून रेलगाडीनं येते, पंधरवड्यातून एकदा," काका म्हणाले. "मी घरातच थांबतो. समोर गेलो का त्याले पाहुना झाल्यासारखं वाटन."

"काका, इंजिनाचा खोकला तुम्हाला ऐकू आला नव्हता?"

"तवाच आला होता. पन त्यानं दार कसं लावलं, पाह्यलं नाही तू?" ते खांबाला टेकले. "माही शेवटची बैलजोडी मी केशोरी गावाले विकली. दोन महिन्यानं पाहाले गेलो. दोर होता ना माह्याजवळ, तो धोतरात खोचून नेला. त्या घरासमोरून चारदा गेलो, चारदा आलो. आत जाची हिंमत झाली नाही. कोनी 'या' म्हनलं असतं, तं गेलो असतो रे."

मला माझीच लाज वाटली.

तासाभराने बाबूजी उतरले, दार मिटवलं आणि स्टेशनाच्या रस्त्याला लागले. ते वळणावर दिसेनासे झाले, तेव्हा काका अंगणात गेले आणि गाडीखालचा तेलाचा डाग मातीने झाकू लागले. म्हातारा पुढच्या वेळी पाहील, जिवाला लावून घेईल, म्हणाले.

संध्याकाळी आम्ही पानठेल्यावर गेलो. कोणीतरी नेहमीसारखं विचारलं, "काय काका, शेवटी फसलेच ना?"

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पान तोंडात टाकलं आणि म्हणाले, "फसलो ना बापा. पुरता फसलो."