गालातली गोळी

डॉक्टरांनी मास्तरांच्या दंडावरचा पट्टा सोडला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा फुगवला आणि आकडा बघून स्वतःच्याच यंत्राकडे संशयाने पाहिलं. आकडा मागच्या खेपेपेक्षाही वर चढला होता.

"मास्तर, गोळी रोज घेता ना?"

उत्तर शेजारच्या खुर्चीतून आलं. "माझ्या डोळ्यांदेखत घेतात," काकू म्हणाल्या. "सकाळी देवापुढे दिवा लावला की आधी यांच्या हातावर गोळी ठेवते. चहा त्यानंतर."

काकू खोटं बोलत नव्हत्या. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम होता. गोळी मास्तरांच्या तोंडात जाताना त्या रोज बघत होत्या. ती तिथून पुढे जात नव्हती, हे मात्र त्यांना दिसत नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीकाम करणारे. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. पुढे एक उभा आरसा, मागे मशीन, मशीनवर मास्तर आणि खाली सतरंजीवर काज-बटणं करणाऱ्या काकू. शाळा उघडायच्या सुमाराला गणवेशांच्या गठ्ठ्यांआड दोघं एकमेकांना दिसायचीही नाहीत; नुसता मशीनचा आवाज आला की काकू समजायच्या, आहेत. मास्तरांच्या ओठांत सदा टाचण्या. त्या टाचण्यांसकट ते गिऱ्हाइकाशी बोलत, हसत, चहा पीत. एकदा तर ते शिंकले होते, आणि टाचणी जागची हलली नव्हती. लग्नानंतर कितीतरी दिवस काकूंची समजूत होती की नवरा जन्माचाच जरा बोबडा आहे.

अशा माणसाला एवढीशी गोळी गालात धरून वर पेलाभर पाणी पिणं म्हणजे डाव्या हातचा मळ. काकू चहा टाकायला वळल्या की गोळी मोरीत. देव सगळं बघतो हे खरं, पण गालाच्या आत बघायचं काम त्याने बायकांवर सोपवलं असावं, आणि काकू स्वभावाने विश्वासू.

बरं, मास्तर काही हट्टी नव्हते. दुकान कायमचं बंद करून मशीन घरी आणलं त्या सुमाराला त्यांचं बीपी निघालं, तेव्हा त्यांनी गोळ्या मुकाट्याने सुरू केल्या होत्या. पण उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, आणि त्याच आठवड्यात एका सदऱ्याची टीप वाकडी गेली. गिऱ्हाइकाने सदरा परत आणला. रागावला नाही, नुसता घडी उलगडून दाखवून उभा राहिला. मास्तरांनी तो उसवून शिवून दिला आणि मनाशी ठरवलं की हात जाण्यापेक्षा गोळी गेलेली बरी. हे डॉक्टरांना सांगून टाकलं असतं तर सगळंच निभावलं असतं. पण लहानपणी ज्याच्या शाळेच्या चड्डीला अंग वाढतंय म्हणून आपणच दुमड ठेवली, त्याच्यासमोर 'माझा हात चुकला' म्हणायला जीभ रेटेना.

डॉक्टरांनी गोळी वाढवली. ती मोठी गोळीही मोरीत गेली. आकडा ढिम्म हलला नाही, म्हणून त्यांनी आणखी वाढवली आणि मीठ बंद केलं. मास्तरांना एकट्याला अळणी कसं वाढायचं, म्हणून काकूंनीही मीठ सोडलं आणि देवाला सांगितलं की यांचा आकडा उतरेपर्यंत मी मिठाला शिवणार नाही. सासूबाई अळणी जेवतात म्हटल्यावर सुनेला ताटात मीठ घ्यायची चोरी झाली. घरातलं कर्तं माणूस, म्हणजे मुलगा, ऑफिसातून येताना बाहेरच काहीतरी खाऊन येऊ लागला, आणि जेवायला बसल्यावर भूक नाही म्हणाला की काकू त्याच्याही काळजीत पडू लागल्या.

आज मात्र डॉक्टरांनी शेवटचं अस्त्र काढलं. आकडा खाली येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. तासनतास वाकून बसणं बंद.

मास्तरांचा चेहरा उतरला. नात वकिलीची परीक्षा पास झाली होती. पुढच्या महिन्यात तिची शपथ, आणि त्या दिवशी अंगावर काळा कोट हवा. बाजारात तयार कोट हवे तेवढे मिळत होते, पण तिने आजोबांच्या मांडीवर कापड आणून ठेवलं होतं. हा कोट आपण शिवू शकलो नाही, तर आपण शिंपी होतो हे नुसतं सांगण्यापुरतंच उरेल, असं मास्तरांना वाटत होतं. तोंडाने ते म्हणत, कापड चांगलं आहे.

घरी पोहोचल्याबरोबर काकूंनी मशीनचा पट्टा काढून कुठेतरी ठेवला. मास्तरांनी शोधला नाही. मशीनला बंदी होती, हाताला नव्हती. त्यांनी कापड बेतलं, कापलं आणि कच्च्या धाग्याने जोडून कोट उभा केला. मशीन आकडा उतरल्यावर. आकडा कसा उतरणार ते मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं.

नात अंगावर घालून बघायला आली ती सकाळीच. कामावर जायची घाई होती. काकूंनी दिवा लावला, मास्तरांच्या हातावर गोळी ठेवली, पाणी दिलं, आणि रोजच्यासारखं आत वळायचं सोडून समोरच बसल्या. नात कोटात कशी दिसते ते त्यांनाही बघायचं होतं. मास्तरांची पंचाईत झाली. गोळी गालात, बायको समोर. तशाच तोंडात त्यांनी टाचण्या धरल्या आणि काम सुरू केलं.

काम सुरू झालं आणि ते सगळं विसरले. पाठ बसवली, बाही फिरवली. हात आपसूक तोंडाशी जात होता, टाचणी घेऊन येत होता. काकूही हरवल्या. तीच मास्तरांची तिरकी मान, तीच एक भुवई वर. दुकानातला आरसा तेवढा नव्हता. खांद्याशी आल्यावर मास्तरांनी नजर न हलवता पुन्हा तोंडाकडे हात नेला आणि आलं ते कापडात खुपसलं. गेलं नाही. जरा दाबलं. काळ्या कापडावर पांढरी रेघ उमटली. मास्तरांना वाटलं, आपण खडू घेतला. त्यांनी रेघ नीट पुढे ओढली.

"आजोबा," नात मान वळवून म्हणाली, "खडू ओला कसा?"

काकू उठल्या. त्यांनी मास्तरांच्या चिमटीतली अर्धी विरघळलेली गोळी काढून घेतली आणि तळहातावर ठेवून बघत राहिल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही.

"म्हणजे गोळीचीही टाचणीच केलीत. रोज मी टाचणीला पाणी पाजत होते."

मास्तरांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, बोलायच्या आधी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "अगं, गोळीने हात चुकला होता माझा. तो सदरा परत आला होता ना."

"एक सदरा. चुकतो माणसाचा हात. माझी काजं काय सगळी सरळ होती?"

"हो," मास्तर म्हणाले. "सगळी."

काकूंनी गोळीसकट मूठ मिटली. नात कोटातल्या टाचण्या सांभाळत ताठ उभी राहिली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

त्याच दिवशी काकूंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं: गाल, मोरी, मीठ, आणि बाहेर खाऊन येणारा मुलगासुद्धा. डॉक्टर कपाळाला हात लावून ऐकत होते. वाढवत नेलेली ती गोळी एखाद्या दिवशी खरंच पोटात गेली असती, तर मास्तर खुर्चीऐवजी जमिनीवर सापडले असते, असं ते म्हणाले. त्यांनी पुन्हा पहिलीच, छोटी गोळी दिली, घ्यायची वेळ बदलली, उठताना सावकाश उठा म्हणाले. अंधारी आली तर मला सांगायचं, गोळीला शिक्षा करायची नाही. मग त्यांचं लक्ष काकूंच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे गेलं. "काकू, जरा दंड पुढे करा."

काकूंचा आकडा मास्तरांच्या वर निघाला. रागामुळे असेल, त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात राग नव्हता तरी तेवढाच निघाला, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. अळणी जेवून ही गत, असं त्यांनी देवाला ऐकवलं. डॉक्टरांनी त्यांनाही गोळी लिहून दिली.

मास्तरांचा आकडा हळूहळू उतरला. अंधारी दोन-चार दिवस आली आणि गेली. पट्टा मशीनवर चढला, घर पुन्हा त्या आवाजाने भरलं, आणि काजं करायला काकू आपणहून खाली बसल्या. शपथेच्या दिवशी नात कोट घालून उभी राहिली. कुणीतरी मोठ्या वकिलांनी कोट कुठे शिवला म्हणून विचारलं, असं तिने घरी येऊन सांगितलं. मास्तर म्हणाले, कापड चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी आपली गोळी गिळली, आ करून दाखवलं, आणि पाण्याचा पेला काकूंसमोर धरला. काकूंनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्याल्या, पदराने ओठ टिपले आणि उठू लागल्या.

"थांब," मास्तर म्हणाले. "काहीतरी बोल."

एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोला हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं. काकू ओठ घट्ट मिटून, अत्यंत सात्त्विक चेहऱ्याने त्यांच्याकडे बघत राहिल्या.