परबकाका आणि नापास वायपर

परबकाका रोज सकाळी साडेसातला आपल्या गाडीला झारीने पाणी घालतात. धुवायला नाही, परीक्षा घ्यायला.

दिंडोशीच्या आमच्या सोसायटीतल्या पार्किंगमध्ये हा सोहळा चालतो. गाडी विजेची, पांढरी, आवाज न करणारी. काका ती चालू करून बाहेर येतात आणि तुळशीची हिरवी झारी पुढच्या काचेवर धरतात. आधी चार थेंब, मग बारीक धार, मग भरभरून. या गाडीचा वायपर आपोआप चालतो, म्हणजे पाऊस ओळखून त्याने स्वतःच हलायचं असतं. हलला तर पास, नाही हलला तर नापास. निकाल दोनशे पानी वहीत लिहिला जातो. अंगात बनियन, खाली लेंगा, कानावर पेन, वय बहात्तर. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मलाही वाटायचं.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. कोर्टात टायपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे जबाब टाइप करायचे आणि खाली त्यांच्या सह्या घ्यायच्या, हे माझं काम. त्यामुळे संध्याकाळी घरी आल्यावर मला कोणाचाही जबाब ऐकायचा नसतो. पण काका दारात उभेच. "गो वैशाली, आज परत नापास."

"काका, मला चहा तर पिऊ द्या."

"पी. पितापिता आयक."

मी जालन्याकडची, मला त्यांचं मालवणी सुरुवातीला अर्धं कळायचं. आता पूर्ण कळतं, आणि त्याचा मला काहीही फायदा झालेला नाही.

काकांनी बत्तीस वर्षं या शहरात बस चालवली. काकू जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी सायली बंगळुरूला मोठ्या पगारावर. तिने गेल्या दसऱ्याला ही गाडी घेऊन दिली आणि मोठ्या कौतुकाने म्हणाली, "बाबा, आता तुम्हाला काही करायचं नाही. गाडी सगळं स्वतः करते." तिथेच ठिणगी पडली. ज्या माणसाने आयुष्यभर गिअर, क्लच, हॉर्न आणि प्रवासी असं सगळं दोन हातांनी सांभाळलं, त्याला 'काही करायचं नाही' असं सांगणं म्हणजे रिकाम्या पाटावर बसवून ताट न वाढण्यासारखं झालं.

गाडीची पूजा होती. अर्धी सोसायटी खाली जमली. काकांनी ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं ते नेमकं काचेच्या वरच्या भागात, आरशामागे जिथे गाडीचा पाऊस बघायचा डोळा असतो तिथे. काका नारळ फोडायला वाकले आणि इकडे दोन्ही वायपर ताडकन उठले. एका फेरीत स्वस्तिक गेलं, दुसऱ्या फेरीत अख्खी काच लाल. वायपरला अडकलेला झेंडूचा हार तुटून सेक्रेटरींच्या पायावर पडला. बायकांनी अपशकुन म्हणून तोंडावर हात ठेवले. काका मात्र नारळ हातात धरून शांतपणे गाडीकडे बघत होते.

"बघितलंस? पावसाचो पत्तो नाय, आणि ह्यो देवाक पुसता."

त्या दिवसापासून युद्ध सुरू झालं. फ्लायओव्हरखालची सावली दिसली की वायपर कोरड्या काचेवर करकरत फिरायचा. पावसाळ्यात खरी भुरभुर सुरू झाली, काच धुरकट झाली, की गाडी ढिम्म. मग पुढच्या ट्रकने चिखलपाणी उडवलं की एकदम अंगात आल्यासारखा वायपर नाचणार. हाताने चालवायचा म्हटलं तर पडद्यावर बोट लावा, मग एक यादी उघडते, तिच्यात दुसरी यादी, तिच्यात वायपर. हायवेवर ताशी साठच्या वेगाने जाताना ही बाराखडी कोण वाचणार? काका वाचत नाहीत. काका खिडकी उघडून मान बाहेर काढतात आणि तसेच घरी येतात. एकदा मी शेजारी बसले होते. लिफ्टमध्ये काकांच्या एकाच बाजूच्या मिशीतून पाणी गळत होतं आणि मला हसू आवरेना. काका हसले नाहीत.

"हसतंस कित्याक? समोर माणूस आला असता तर?"

शेवटी श्रावणात त्यांनी जुना उपाय काढला. बटाटा. आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हर लोकांची ही युक्ती मला त्यांच्याकडूनच कळली. वायपर बंद पडला की कच्चा बटाटा अर्धा कापून काचेवर चोळायचा. त्याच्या चिकामुळे पाण्याचे थेंब काचेवर टिकत नाहीत, घसरून खाली जातात आणि समोरचं दिसत राहतं. बसच्या काचेला ही विद्या चालत होती. या गाडीच्या काचेमागे डोळा होता. काकांनी त्या डोळ्यासमोरही इमानाने बटाटा चोळला आणि गाडी पार आंधळी झाली. पडद्यावर लाल अक्षरं झळकायला लागली. मग गाडी अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरला गेली.

चार दिवसांनी काका म्हणाले, "चल माझ्याबरोबर. तू कोर्टातली. साक्षीदार लागतलो."

रविवार होता, घरात धुण्याचा ढीग पडला होता. तरी गेले. आयुष्यात एवढा थंड एसी मी फक्त बँकेत पाहिला होता. अनिकेत नावाचा एक गोड बोलणारा मॅनेजर टॅब घेऊन समोर बसला.

"काका, काचेवर बटाटा कोणी चोळला?"

"मी."

"का पण?"

"बत्तीस वर्षां चोळलंय. कोणी असा विचारूक नाय."

अनिकेतने समजावलं की बाहेरचा पदार्थ लावल्यामुळे डोळ्याला दिसेना. काच स्वच्छ केल्यावर सगळं ठीक आहे. सिस्टिम ओके दाखवते.

"सिस्टिमला दिसतंय?" काका आता शुद्ध मराठीत आले. ते शुद्ध बोलायला लागले की प्रकरण गंभीर असतं.

"हो काका, क्लिअर."

"गाडी कोण चालवतो? सिस्टिम की मी?"

"म्हणजे… तुम्हीच."

"मग मला दिसायला पाहिजे. बटाटा मी हौसेने नाही चोळला. वायपर हलत नव्हता म्हणून चोळला. ही वही बघा."

त्याने वही चाळली. एकशे अठरा वेळा नापास. हसू दाबत त्याने एक कागद पुढे सरकवला. वायपरची तपासणी केली, त्यात दोष आढळला नाही, ग्राहकाला मान्य आहे, खाली सही. ज्याने गाडी आणून सोडली त्याने सही केली की गाडी मिळणार.

"करूचंय नाय," काका म्हणाले.

"काका, ही फक्त फॉर्मॅलिटी आहे."

"वायपरात दोष आहे. दोष नाही असं मी लिहून देणार नाही."

मी बाजूला घेऊन सांगितलं, अहो, कोर्टात लोक हरकत राखून सही करतात, तशी करा आणि गाडी घरी न्या, पुढचं पुढे बघू. माझ्या नोकरीतली सगळी अक्कल मी त्या एका वाक्यात ओतली होती. काकांनी ती सरळ परत केली. "सही ती सही गो. हरकत कोण वाचता?"

तिथूनच अनिकेतने सायलीला फोन लावला, कारण गाडी तिच्या नावावर. ती फोनवर वैतागली होती, आणि तिचं तरी काय चुकलं म्हणा. "बाबा, प्लीज सही करा. ते वायपर-वायपर पुरे झालं. उद्यापर्यंत गाडी घरी आली नाही तर मी ती विकून टाकीन, आणि यापुढे तुम्ही गाडी चालवायची नाही. मला इथे बसून टेन्शन नको."

काकांचा चेहरा उतरला. त्या माणसाचं गाडी चालवणंच काढून घेतलं तर उरतं काय, हे मला कळत होतं. मला वाटलं, आता करतील सही. त्यांनी पेन उचललं, कानावर ठेवलं आणि उठले.

"विक," एवढंच म्हणाले आणि फोन मला दिला.

मला राग आला होता. रविवार गेला, गाडी गेली, एवढा कसला ताठा? बाहेर रिक्षा केली तेव्हा मी बडबडत होते. काकांनी ऐकून घेतलं आणि रिक्षावाल्याला घराचा पत्ता न सांगता खारदांड्याला चल म्हणाले. "एका माणसाक सांगूचा आसा, आज गाडी नाय म्हणान."

खारदांड्याच्या कोळीवाड्यात एका अरुंद बोळात ताराबाई नावाची म्हातारी दाराशी स्टुलावर बसली होती. वय ऐंशीच्या घरात असेल. चापूनचोपून नेसलेलं लुगडं, नाकात मोरणी, आणि डावा पाय समोर सरळ लांब केलेला. तो पाय गुडघ्यात वाकत नव्हता.

"गाडी कुठंय?" तिने काकांना बघून पहिलं हेच विचारलं. मग मला सांगितलं, "दर महिन्याला डॉक्टरकडं नेतो मला. आधी टॅक्सीनं न्यायचा. आता स्वतःच्या गाडीनं नेतो, मागं उशी लावून."

"गाडी अडवून ठेवलीय, मावशी," काका म्हणाले. "सही मागतात."

"कसली सही?"

"वायपर बरा आहे म्हणून."

म्हातारीने हातातली सुपारी खाली ठेवली. काकांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"यानं एकदा केलीय तशी सही. ठाऊक आहे तुला?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मी टोपली घेऊन रस्ता ओलांडत होते. पाऊस होता. याच्या बसचा वायपर चालत नव्हता. सकाळी यानं डेपोत सांगितलं, तर तिथला साहेब म्हणाला, भुरभुरच आहे, जा घेऊन, आणि कागद पुढं केला. बस ठीक आहे म्हणून यानं सही केली. पोरगी लहान होती, नोकरीची भीती वाटली याला. मला हे कोणी सांगितलं? यानंच. हॉस्पिटलात माझ्या खाटेपाशी बसून रडत रडत. बाकी सगळे म्हणत होते, बाई मधे आली."

काका बोळातल्या एका सायकलकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. माझा मघाचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. डोळे भरून आले आणि मी ते सरळ ओढणीने पुसले.

"आणि आज?" ताराबाईंनी काकांना विचारलं. "केलीस?"

"नाय."

"मग रिक्षा थांबव. मला रिक्षात बसता येतं."

तिला दोघांनी धरून आत बसवलं. पाय दुमडत नाही, म्हणून काका तिच्या शेजारी आडवे टेकून बसले आणि तो पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. मी कशीबशी कोपऱ्यात बसले. वाटेत भुरभुर सुरू झाली. रिक्षावाल्याने डावा हात वर करून वायपरची दांडी धरली आणि हातानेच इकडून तिकडे काच पुसली. काकांनी आपला हातरुमाल काढून म्हातारीच्या पावलावर टाकला, शिंतोडे येत होते म्हणून. दवाखाना येईपर्यंत ते दोघं बोंबलाच्या भावावरून भांडत होते.

गाडी अजून अंधेरीतच आहे, त्यामुळे सकाळची परीक्षा सध्या बंद. परवा सायलीचा मला फोन आला. आवाज रडवेला होता. "वैशालीताई, ते माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्ही तरी त्यांना सही करायला सांगा ना."

मी तिला ताराबाईंबद्दल काही सांगितलं नाही. ते तिच्या बापाने सांगायचं, आणि सांगेल तो. वीस वर्षं मी लोकांना 'इथे सही करा' म्हणत आलेय, बोट ठेवून जागासुद्धा दाखवते.

"नाही सांगणार," मी म्हटलं.